सोन्याच्या कणाला थर्मामीटर कुठे लावायचा?

मागच्या महिन्यात, दवाखाना आवरण्याच्या वेळेस, अण्णा आणि त्यांचा मुलगा आले. अण्णांचे वय ७४. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत त्यांची सारी हयात भट्टीपुढे गेली. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोग आढळला. तुकडा तपासल्यावर तो कमी धोक्याच्या गटातला निघाला, आणि मूत्ररोगतज्ज्ञांनी तूर्त शस्त्रक्रिया न करता सक्रिय देखरेखीचा सल्ला दिला. म्हणजे ठरावीक काळाने पीएसएची रक्ततपासणी, गरजेप्रमाणे एमआरआय, आणि मधूनमधून पुन्हा तुकड्याची तपासणी. सल्ला योग्य होता. परंतु कर्करोग आहे आणि उपचार चालू नाहीत, ही गोष्ट घरात कोणाच्याच गळी उतरत नव्हती.

मुलाने मोबाइलवर आलेले एक माहितीपत्रक माझ्यापुढे धरले. सोन्याचे सूक्ष्म कण शिरेतून सोडायचे, मग बाहेरून लेसर द्यायचा. कण तापतात, गाठ जळून जाते, बाकीच्या शरीराला धक्काही लागत नाही. खर्च काही लाखांचा. ‘‘डॉक्टर, करून टाकू का हे? नुसतं बघत बसण्यापेक्षा बरं ना?’’ त्याच्या आवाजात अधीरता होती, तशी भीतीही होती.

अण्णा तोवर गप्प होते. आता त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, तो कण तापतो किती? आणि ते बघितलं कुणी? एवढ्याशा कणाला थर्मामीटर लावायचा कुठं?’’

तीस वर्षांच्या वैद्यकीत इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. मी त्यांना आठ दिवसांनी यायला सांगितले आणि रात्री वाचायला बसलो. जे हाती लागले ते वाचकांपुढेही ठेवतो, कारण अशी माहितीपत्रके आज घराघरांत पोहोचत आहेत आणि त्यांचे लक्ष्य बहुधा आपल्याच वयाची माणसे असतात.

प्रथम एक गोष्ट मान्य करायला हवी. सोन्याचे कण लेसरने तापतात, यात थाप काही नाही. धातूमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन असतात. परातीत पाणी घेऊन ती योग्य लयीत हलवली तर पाणी काठापर्यंत हिंदकळते, तसे योग्य रंगाचा प्रकाश पडला की कणातील इलेक्ट्रॉन हिंदकळू लागतात आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. कोणता रंग योग्य, हे कणाच्या आकारावर आणि घडणीवर ठरते. सोन्याचा साधा गोल नॅनोकण हिरवा प्रकाश शोषतो. हिरवा प्रकाश आपल्या मांसात फार आत शिरत नाही. अंधाऱ्या खोलीत तळहातामागे विजेरी धरून पाहा. पांढऱ्या उजेडातला फक्त लाल भाग अलीकडे येतो. लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याहूनही थोडा खोल जातो. म्हणून अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी वेगळ्या घडणीचे कण वापरले. आत सिलिकाची गोळी, वर सोन्याचे पातळ कवच. हे कण अवरक्त प्रकाश शोषतात. असा कण साधारण १५० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाएवढा.

(येथे काही वाचकांच्या मनात सुवर्णभस्म येईल, ते अण्णांच्या मुलाच्याही मनात आले होते. भस्मातील सोनेही अतिसूक्ष्म असते हे खरे. पण ही कवचाची घडण त्यात नसते, ते गाठीत जाऊन साठावे अशी योजना नसते, आणि ते पोटातून घेतले जाते. भस्म खाऊन वरून लेसर घेतल्याने काही साधणार नाही.)

राइस विद्यापीठाच्या गटाने २००३ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काचेच्या बशीतील स्तनकर्करोगाच्या पेशींमध्ये कण मिसळून त्यावर लेसर टाकला आणि मग जिवंत पेशींनाच हिरवे चमकवणारा एक रंग घातला. लेसर पडला होता तेवढे वर्तुळ काळे राहिले. तेथील पेशी मेल्या होत्या. उंदरांच्या गाठींमध्ये कण टोचून लेसर दिला तेव्हा चार ते सहा मिनिटांत तापमान सरासरी ३७ अंश सेल्सिअसने वाढले. कण न टोचता तेवढाच लेसर दिला तेव्हा ही वाढ १० अंशांपेक्षा कमी होती. उंदरांमधले हे मोजमाप एमआरआयने केले होते. ऊतीतील पाण्याच्या हायड्रोजनकडून येणारा संकेत तापमानाबरोबर किंचित बदलतो, त्यावरून हा नकाशा काढता येतो. पण एमआरआयच्या चित्रातला एक ठिपकासुद्धा मिलिमीटरच्या हिशेबातला असतो आणि त्यात असंख्य कण मावतात. एका कणाजवळ काय घडते, हा अण्णांचा प्रश्न तेथे सुटत नाही.

नेहमीचा थर्मामीटर तर बादच. थर्मामीटर हा मुळात स्वतःचेच तापमान सांगतो. काखेत धरल्यावर त्याचा फुगा शरीराकडून थोडी उष्णता घेतो आणि शरीराएवढा तापतो, मग आपण आकडा वाचतो. शरीर मोठे आणि फुगा लहान, म्हणून शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. आता चमचाभर गरम दुधात थंड लोखंडी पळी बुडवा, दूधच निवते. नॅनोकणापुढे जगातली कोणतीही सुई त्या पळीहून कितीतरी पट मोठी ठरते.

मग मोजमाप करतात कसे? अण्णा भट्टीपुढे उभे राहून करत असत, काहीसे तसेच: रंगावरून. लाल, नारिंगी, पिवळा, पांढरट, अशा रसाच्या रंगछटांवरून ते लोखंडाचा ताप ओळखत. नॅनोकण एवढा तापत नाही की तो स्वतः तेजाळेल. म्हणून त्याच्या भोवतालच्या द्रवात असा रंग मिसळतात, जो स्वतःच तापमानाची खबर देईल. हे प्रतिदीप्तिशील रंग. एका रंगाचा प्रकाश घ्यायचा आणि क्षणार्धात दुसऱ्या रंगाचा परत द्यायचा, हा त्यांचा धर्म. बँकेतल्या जांभळ्या दिव्याखाली नोटेवर उजळणारे तंतू याच जातीचे.

यातला सर्वांत परिचित रंग म्हणजे ऱ्होडामिन बी. हा गुलाबी रंग तापला की मंद होतो; नेहमीच्या तापमानाजवळ दर अंशामागे त्याची चमक साधारण दीड ते दोन टक्क्यांनी घटते. आधी ठाऊक तापमानांना चमक मोजून कोष्टक तयार करायचे, मग कणाजवळची चमक पाहून कोष्टकातून अंश वाचायचे. कल्पना साधी आणि सुंदर आहे. (जाता जाता: हा कापडाचा आणि प्रयोगशाळेचा रंग आहे, खाण्याचा नव्हे. २०२४ मध्ये तमिळनाडूत म्हातारीच्या कापसात तो सापडल्यावर तेथे त्या मिठाईवर बंदी आली होती. नातवंडांना जत्रेत नेताना भडक गुलाबी खाऊ टाळावा.)

परंतु चमक मंद झाली ती तापानेच, हे कशावरून? पडद्याचे कापड उन्हात विटते, तसा हा रंग लेसरखाली विटतो. तेव्हाही चमक घटते आणि कोष्टक म्हणते की ताप वाढला. रंगाचे रेणू एखाद्या जागी कमी असतील तरी तेच. शिवाय धातू अगदी जवळ असला की तो रंगाची चमक कधी गिळतो, कधी उलट वाढवतो. म्हणजे ज्या कणाचा ताप पाहायचा तोच थर्मामीटरमध्ये ढवळाढवळ करतो. पेशीच्या आत तर आम्लता जागोजागी वेगळी, रंगाचे प्रमाण वेगळे. एका पेशीच्या आत कित्येक अंशांचे चढउतार सापडल्याचे दावे या क्षेत्रात झाले, आणि २०१४ मध्ये फ्रान्समधील गियोम बफू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांवर कठोर टीका केली. पेशी जेवढी उष्णता निर्माण करू शकते तिच्या हिशेबाने हे फरक एक लाख पटींनी मोठे येतात, असे त्यांनी दाखवले. आकडे चुकीचे वाचले गेले नव्हते, थर्मामीटरच ताप सोडून दुसरेच काही सांगत असावा. मला ही टीका पटते. दवाखान्यात रक्तदाबाचा पट्टा लहान पडला की असेच होते. यंत्र अचूक, आकडा स्वच्छ, आणि निदान चूक.

या बफूंचेच आधीचे काम मला विशेष आवडले. २००९ मध्ये ते आणि रोमाँ किदाँ बार्सिलोनाच्या संस्थेत असताना त्यांनी चमक किती हे मोजण्याऐवजी रेणू किती फिरला हे मोजले. थंडीत गोठत आलेल्या तुपात चमचा जड फिरतो, तूप पातळ झाले की भराभर फिरतो. रंगाचा रेणूही द्रवात असाच सतत गिरक्या घेत असतो, आणि द्रव तापला की त्याच्या गिरक्या वाढतात. आता एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश त्याच्यावर टाकला तर रेणू तो घेतो आणि काही अब्जांश सेकंदांनी परत देतो. तेवढ्या वेळात तो जितका वळला असेल तितकी परतीच्या प्रकाशाची दिशा बिघडते. दोन दिशांमधील प्रकाशाचे प्रमाण काढायचे असल्याने रंग थोडा कमी असला किंवा विटला तरी फार बिघडत नाही. या रीतीने त्यांनी सोन्याच्या सूक्ष्म रचनांभोवतीचा तापनकाशा काढला. ३०० नॅनोमीटरपर्यंतचा तपशील आणि अंशाच्या दहाव्या भागाची अचूकता. २०१२ मध्ये त्याच पद्धतीने, पण बाहेरचा रंग न घालता, पेशीलाच समुद्रातील एका जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन तयार करायला लावून, त्यांनी सोन्याच्या कांड्यांनी तापवलेल्या कर्करोग पेशींच्या आतले तापमान पाहिले. हेच ते प्रथिन, ज्याच्या शोधाला आणि विकासाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता मूळ प्रश्न: कण तापतो किती? याचे एक उत्तर नाही, कारण ‘कुठे मोजले’ हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे. एकट्या कणाभोवतीचा ताप अंतराच्या प्रमाणात उतरत जातो. १०० नॅनोमीटर रुंदीचा कण आपल्या पृष्ठभागावर २० अंशांनी तापला असेल, तर त्याच्या केंद्रापासून ५०० नॅनोमीटरवर ही वाढ केवळ २ अंश उरते. पेशीची रुंदी तर याच्या वीस-तीस पट. म्हणजे कण तापून लाल झाल्याच्या गप्पा मारल्या तरी शेजारच्या पेशीला कदाचित कळणारही नाही. एकट्या कणाने गाठ जळत नाही, कोट्यवधी कणांनी मिळून जळते. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर एक पणती तळहाताला जेमतेम ऊब देते. पणत्यांच्या रांगांमध्ये शिरून उभे राहिलो तर घाम फुटतो. कण दाट असतील तेथे ऊब एकमेकींत मिसळून सगळी गाठ सारखी तापते, विरळ असतील तेथे काहीच होत नाही, आणि गाठीत ते कुठे दाट बसतील यावर कोणाचा पूर्ण ताबा नसतो. गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून ते आत झिरपतात खरे. सारखेच झिरपतील असे नाही.

आठ दिवसांनी हे सांगितले तेव्हा अण्णा लगेच म्हणाले, ‘‘म्हणजे आमच्यासारखंच. भट्टीत घेतलेलं टेंपरेचर साच्यात कामाचं नाही. रस लॅडलमध्ये येईतो उतरतो, साच्यापाशी नेईतो आणखी उतरतो. ओतणाऱ्यानं साच्यापाशीच बघायचं.’’

एक-दोन अंशांनी काय फरक पडतो, असे मुलाने विचारले. फार पडतो. उष्णतेने ऊती मरण्याचा एक ठोकताळा सापारेटो आणि ड्युई यांनी १९८४ मध्ये मांडला. ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान एका अंशाने वाढले की तेवढ्याच परिणामाला निम्मा वेळ पुरतो. ४३ अंशांना जे तासाभरात घडते ते ४४ ला अर्ध्या तासात आणि ४५ ला पाव तासात. म्हणजे मोजण्यात दोन अंशांची चूक ही औषधाच्या मात्रेत चौपटीची चूक. ६० अंशांच्या वर तर ऊती सेकंदांत शिजते, अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तशी. प्रोस्टेटला लागूनच लघवीची नळी, मागे गुदाशय, आणि कडेने लैंगिक क्षमतेच्या नसा. कमी तापले तर रोग राहिला, जास्त तापले तर लघवीवरचा ताबा गेला.

याच कारणाने मधुमेही वृद्धांच्या पायांना शेकण्याची पिशवी लावू नये, असे मी प्रत्येक घरात बजावतो. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांचा अंगचा थर्मामीटर बंद पडलेला असतो. ‘‘बरं वाटतंय, राहू दे’’ असे ते म्हणतात आणि सकाळी फोड दिसतो. तापाच्या बाबतीतही तेच. वृद्धांचा नेहमीचा ताप बऱ्याचदा तरुणांपेक्षा कमी असतो, म्हणून १०० च्या आत आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. तोंडातील तापमान वारंवार ९९ अंश फॅरेनहाइटच्या वर येत असेल, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २ अंशांनी वाढले असेल, तर तो ताप समजून डॉक्टरांना कळवावे. त्यासाठी नेहमीचा आकडा ठाऊक हवा. बरे असतानाच आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. चहानंतर वीस मिनिटे तोंडात थर्मामीटर धरू नका. आणि काखेत घेतला की तोंडात, हे आकड्याशेजारी लिहा.

आता माणसांवरच्या प्रयोगाविषयी. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयात १६ पुरुषांवर हा उपचार झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण ५८ ते ७९ वर्षांचे, सर्वांचा कर्करोग प्रोस्टेटपुरता मर्यादित, कमी ते मध्यम धोक्याचा. १५ जणांचा उपचार पूर्ण होऊ शकला. वर्षभराने उपचार केलेल्या जागेचा तुकडा तपासला तेव्हा १३ जणांत तेथे कर्करोग आढळला नाही. हे उत्साहवर्धक आहे, मी ते नाकारत नाही. पण १५ माणसे आणि एक वर्ष. कमी धोक्याचा प्रोस्टेट कर्करोग दहा-दहा वर्षे निपचित पडून राहू शकतो, तेथे एका वर्षाच्या आकड्यावरून फार काही ठरत नाही. शिवाय त्या प्रयोगात लेसर बाहेरून दिला नव्हता. एमआरआय आणि सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली बारीक तंतू थेट ग्रंथीत घालून आतून दिला होता. प्रोस्टेट ओटीपोटात खोल असते. बाहेरून सोडलेला अवरक्त प्रकाश वाटेतच विरतो. माहितीपत्रकात ‘बाहेरून’ हा शब्द होता, तेथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

हीच अडचण त्या सुंदर रंगांनाही आहे. त्यांची चमक काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येते. ओटीपोटाच्या आतून ती बाहेर येत नाही. म्हणून रुग्णाच्या देहात तापमान पाहायचे तर एमआरआय हवे किंवा ऊतीत घातलेली संवेदक सुई हवी. रंगांनी शास्त्रज्ञांना कण कसा वागतो ते शिकवले. रुग्णाच्या खाटेपाशी त्यांचा उपयोग अजून नाही.

मी मुलाला एवढेच म्हटले की, ज्यांनी पत्रक पाठवले त्यांना तीन गोष्टी विचार. तापमान कुठे मोजता, कशाने मोजता, आणि किती अंशांना किती मिनिटे ठेवता? त्याने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडची व्यक्ती अतिशय नम्र होती. तिने सवलतीची मुदत सांगितली, हप्त्यांची सोय सांगितली. तापमानाविषयी तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर आले, ‘‘सर, मशिन ऑटोमॅटिक आहे, ते सगळं आपोआप घेतं.’’

अण्णा हसले. ‘‘असं म्हणणाऱ्याला मी भट्टीजवळ उभा केला नसता,’’ ते म्हणाले.

मुलगा हसला नाही. ‘‘पण मग आम्ही काहीच करायचं नाही का, डॉक्टर?’’ त्याने पुन्हा विचारले. हा प्रश्न खरा होता आणि त्याला कणांचे शास्त्र पुरे पडणारे नव्हते. मी त्याला अण्णांची फाइल उघडून दाखवली: तुकड्याचा अहवाल, पीएसएचे तीन आकडे, त्यांत विशेष चढ नाही. देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. आकडा चढला, एमआरआयवर गाठ वाढली किंवा पुढच्या तुकड्यात रोग उग्र दिसला, तर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दोन्ही हाताशी आहेत, आणि त्यांचा अनुभव १५ माणसांचा नाही. हवे तर दुसऱ्या मूत्ररोगतज्ज्ञांचे मत घ्या, मी चिठ्ठी देतो, असेही सांगितले. त्याने चिठ्ठी घेतली. ते मला बरे वाटले.

दुसरे मतही देखरेखीचेच आले. पीएसएची पुढची तारीख त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे, आणि तिच्या खाली सध्या काकूंचा ताप रोज दोन वेळा नोंदला जातो आहे. प्रत्येक आकड्यापुढे अण्णांनी ‘काख’ किंवा ‘तोंड’ असे लिहिले आहे.